कासारणीकडे शिकलेली सलाईन

नांदेडच्या माझ्या दवाखान्यात एखाद्या बाईला सलाईन लावायची वेळ आली की मी आधी विचारते, माहेर कुठलं? नव्या आलेल्या सिस्टर एकमेकींकडे बघतात. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, वजन सगळं असतं, पण माहेराचा रकाना कुठंच नसतो. मॅडम रिकाम्या वेळात लग्नं जुळवत असतील, असं एकीनं दुसरीला सांगितलेलं माझ्या कानावर आलं होतं. मी हसून सोडून दिलं. हा प्रश्न माझ्या कामाचा भाग आहे, सुईइतकाच. तो मला कुठल्या प्राध्यापकानं शिकवला नाही. शिकवला तो देवणीकडच्या एका कासारणीनं, आणि तिच्याकडे शिकायची वेळ का आली हे सांगायला मला आजही थोडी लाज वाटते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डॉक्टर होणं म्हणजे जाडजूड पुस्तकं पाठ करणं. ते असतंच. पण टाका घालणं, नळी टाकणं, बाळंतपण करणं, शीर शोधून सुई लावणं ही हाताची कामं आहेत आणि ती हातालाच शिकावी लागतात. आमच्या कॉलेजात एका खाटेभोवती पंधरा विद्यार्थी असायचे. पुढे सीनियर, मागे उंच मुलं, त्यांच्या मागे मी. माझी उंची बेताचीच. साडेचार वर्षांत मी ज्या ज्या गोष्टी पाहिल्या त्या बहुतेक कुणाच्या तरी काखेखालून पाहिल्या. मग होस्टेलवर आम्ही मुली आपली सोय करायचो. कच्च्या पपईला इंजेक्शन द्यायचो आणि फाटक्या उश्यांना टाके घालायचो. त्या वर्षी आमच्या होस्टेलच्या उश्या फार सुबक शिवलेल्या होत्या.

टाके मला जमले. शीर मात्र जमेना. हाताला रबरी नळी बांधायची, शीर फुगली की सुई तिरपी धरून आत घालायची, सलाईनच्या नळीत रक्त दिसलं की जिंकलो, एवढंच ते काम. पण माझी सुई शिरेच्या शेजारून तरी जायची नाही तर आरपार. पेशंट कण्हला की माझा हात थरथरायचा, हात थरथरला की पेशंट आणखी ताठ व्हायचा. एका हातावर चार भोकं पाडल्यावर मैत्रिणींनी माझं नाव चाळणी ठेवलं. मी मनाशी ठरवत आणलं होतं की शरीररचनाशास्त्र शिकवायला जावं. तिथल्या टेबलावरचा माणूस निदान ओरडत तरी नाही. पण भोकरच्या आमच्या वस्तीतली मी पहिली डॉक्टर होणार होते आणि वडील अख्ख्या गावाला सांगून बसले होते की पोरगी येऊन माणसं तपासणार. त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता.

परीक्षा झाल्यावर वर्षभर प्रत्यक्ष काम करायचं असतं. त्यातले सहा महिने मला देवणीच्या अंगाला एका गावातल्या सरकारी दवाखान्यात टाकलं. लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. दवाखान्याच्या पाटीवर जि. उस्मानाबाद हे शब्द डांबर फासून बुजवले होते आणि खाली वेगळ्या रंगात जि. लातूर लिहिलं होतं. शिक्का मात्र जुनाच होता. दाखला घेऊन गेलेली माणसं दोन-दोन दिवसांनी तोच दाखला घेऊन परत यायची आणि आम्ही पेननं उस्मानाबाद खोडून लातूर लिहून द्यायचो. जिल्हा आला होता, पाऊस आला नव्हता. विहिरी कोरड्या होत्या, जनावरं छावणीत होती आणि गावातली धडधाकट माणसं रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहत होती.

आमचे वैद्यकीय अधिकारी बिराजदार सर उदगीरचे. पन्नाशीतला शांत माणूस. कपाळाला विभूती आणि खिशात नेहमी फुटाणे. इथं खाटेभोवती पंधरा जण नव्हते. सर, एक सिस्टर आणि मी. पहिल्याच आठवड्यात सरांनी माझ्या हातात सुईदोरा दिला आणि आपण फुटाणे खात बाजूला उभे राहिले. पेशंट उदगीरच्या आडतीतला हमाल होता, पायाला पत्रा लागलेला. पोती शिवण्यात त्याची हयात गेली होती. माझे टाके तो मान वाकडी करून बघत होता. अंतर सारखं ठेवा डॉक्टरीणबाई, न्हाईतर धान्य गळतंय, एवढं म्हणून त्यानं मला पास केलं. पहिलं बाळंतपणही तिथंच माझ्या हातून झालं. त्या दिवशी मी दवाखान्यामागे जाऊन एकटीच उड्या मारल्या होत्या. सिस्टरनं पाहिलं, पण ती कुणाला बोलली नाही.

आणि मग महानंदा आली.

वीस-एकवीस वर्षांची, चौथा महिना चाललेला. तलावाच्या कामावर उन्हात चक्कर येऊन पडली होती आणि सकाळपासून उलट्या थांबत नव्हत्या. सोबत सासू, नागरबाई. उंच, काटक, विधवा बाई. मुलगा दोन महिन्यांपूर्वी कामाला हैदराबादकडे गेला होता आणि त्याचं पत्र नव्हतं. सर बाहेर ओपीडीत होते. सलाईन मी लावायची होती. तीन ठिकाणी टोचलं, तिन्ही गेली. महानंदाच्या दोन्ही मनगटांत हिरवा चुडा होता आणि डाव्या मनगटाशी, अगदी शेवटच्या बांगडीखाली, एक चांगली शीर मला दिसत होती. बांगड्या वर सरकवल्या. शेवटची एक सरकेना, मातीकामानं हात सुजला होता. मी ट्रेमधला चिमटा घेतला आणि कट्कन ती बांगडी फोडली.

आमच्या घरी वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच शकुन-अपशकुन दाराबाहेर काढले होते. आई बांगड्या घालायची, पण फुटली तर केरात टाकायची आणि कामाला लागायची. सवाष्ण बाईची बांगडी फुटली असंसुद्धा लोक म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण माझ्या हाताला ते ठाऊक नव्हतं. ज्याचं दोन महिने पत्र नाही त्याच्या बायकोची बांगडी मी त्याच्या आईदेखत फोडली होती. नागरबाईंनी एकदाच किंकाळी फोडली. मग त्या उठल्या, सुनेला खांद्याला धरून उभं केलं आणि चालायला लागल्या. मी मागून जाऊन त्यांना शास्त्र सांगायला लागले, हे आणखी वाईट. सर ओपीडी टाकून पळत फाटकापाशी गेले, हात जोडले आणि दोघींना परत आणलं. महानंदाला त्यांनीच सलाईन लावली, एका टोचणीत. मी औषधाच्या खोलीत जाऊन रडले.

वाटलं, आता आपली रवानगी कॉलेजात. सर आत आले, फुटाण्यांची पुडी पुढे केली आणि म्हणाले, "शीर कुठं असते ते तुमच्या पुस्तकात हाय. हात कसा धरायचा ते न्हाई. शिकवणारी बोलावलीय, बसा तिच्यापाशी."

शिकवणारी म्हणजे रत्नाबाई कासारीण. बाजारात बसून बांगड्या भरायची, साठीच्या पुढची, जाड भिंगाचा चष्मा. नागरबाईंचा जीव शांत व्हावा म्हणून सरांनी तिला वॉर्डातच बोलावलं होतं. ती महानंदाच्या खाटेवर बसली. शकुनाची एक भरायला सलाईन नसलेला उजवा हात मांडीवर घेतला आणि बोलायला लागली. माहेर कुठलं गं? भाऊ किती? गावात आंबे कुणाचे? महानंदा आधी हुं हुं करत होती, मग आंब्यावर आली आणि बोलायलाच लागली. रत्नाबाईचा अंगठा तेवढ्यात तिच्या अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू फिरत होता. चारी बोटं एकत्र घेतली, अंगठा आत दुमडला आणि पोर हसली त्याच क्षणी बांगडी मनगटात. सुजलेला हात, पण महानंदाला कळलंसुद्धा नाही. मग रत्नाबाईनं सलाईनच्या हाताकडे बघून सांगितलं की तिकडची वाढलेली नंतर भरू, ती उधार. एवढ्यानं महानंदा पुन्हा हसली. नागरबाई मात्र हसल्या नाहीत, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुढच्या आठवडी बाजारापासून मी रत्नाबाईच्या शेजारी पोत्यावर बसायला लागले. ॲप्रन काढून ठेवायचे. बायकांना वाटलं कासारणीनं सून आणली. पहिल्या दिवशी मी तिच्या हातांकडे टक लावून बघत होते तर ती म्हणाली, "हाताकडं काय बघून राहिलीस, माय? तोंडाकडं बघ. बाईचा हात तिच्या तोंडातून सुटतोय."

तिचं शास्त्र साधं होतं. भ्यालेला हात लहान होतो. ओढलेला हात आणखी लहान होतो. हात मोठा करायचा तर माणसाला दुसरीकडे न्यायचं, आणि बाईला न्यायला माहेरासारखी जागा नाही. ती बोलता बोलता हात सैल सोडते. तेवढा क्षण ओळखायचा. मी एकदा तिला माझी रबरी नळी दाखवली, कशी बांधते तेही दाखवलं. तिनं आपल्याच दंडावर बांधून घेतली आणि लगेच सोडायला लावली. एवढं आवळल्यावर हातात रगत येणार कसं, असं तिनं विचारलं. आता हे माझ्या पुस्तकात होतं. नळी फार घट्ट बांधली तर हातात जाणारं रक्तही अडतं आणि शीर फुगतच नाही, त्यावर मी परीक्षेत टीपसुद्धा लिहिली होती. पण दीड वर्ष मी घाबरून नळी आवळत होते आणि शीर का फुगत नाही म्हणून स्वतःला दोष देत होते.

चार बाजार बसल्यावर रत्नाबाईनं मला एका म्हातारीचा हात दिला. डझनभर भरल्या, तीन वाढल्या. म्हातारी सोशिक होती, वर मलाच धीर देत होती. सहाव्या बाजारात एकही वाढली नाही. वॉर्डातही सुया लागायला लागल्या. दहात सहा, मग आठ. पुरुषांच्या बाबतीत मात्र फजिती झाली. त्यांना माहेर कुठलं विचारणार? म्हणून मी बैलांचं विचारायला लागले. त्या भागातले देवणी बैल म्हणजे मालकाचा जीव, बोलतील भरभरून, असा माझा हिशोब. पहिल्याच शेतकऱ्यानं बैलजोडी बाजारात गेल्याचं सांगितलं आणि त्याचा हात माझ्या हातात दगड झाला. त्या वर्षी बैलांचं विचारायचं नसतं, हे मला सिस्टरनं सांगावं लागलं. मग पुरुषांना मी त्यांच्या लहानपणच्या मास्तरांचं विचारायचे. मार खाल्लेल्या गोष्टी माणसं हसत सांगतात आणि हातही सोडतात.

महानंदा अधूनमधून तपासायला यायची. उधार राहिलेली बांगडी रत्नाबाईनं भरून दिली होती. नवऱ्याचं पत्र मात्र अजून नव्हतं. ती आत यायची आणि नागरबाई फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहायच्या. मी पाण्याचा तांब्या पाठवला तरी तो तसाच परत यायचा. माझी त्या दवाखान्यातली सगळी शिकवणी त्या तांब्यापाशी येऊन अडायची.

उन्हाळ्याच्या शेवटी तलावाच्या कामावर लोकांनी खड्ड्यातलं पाणी प्यायलं आणि एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नऊ माणसं आली. जुलाब-उलट्यांनी पार वाळलेली. सर लातूरला मीटिंगला गेले होते, नव्या जिल्ह्यात मीटिंगा फार. सिस्टर आणि मी भिडलो. काचेच्या बाटल्या लटकवायला खुंट्या पुरेनात, तर खिडकीच्या गजांना टांगल्या. अशा पेशंटच्या शिरा आत बसलेल्या असतात, दिसतही नाहीत आणि लागतही नाहीत. तरी एकामागून एक सात जणांना सुया लागल्या. आठव्याला सिस्टरनं लावली. नवव्या नागरबाई होत्या. सोबत महानंदा, पोट आता चांगलंच दिसणारं.

नागरबाईंचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता, नाडी बोटाला जेमतेम लागत होती. सिस्टरनं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गेली. ती बाजूला झाली आणि मी पुढे आले. नागरबाईंनी डोळे उघडले.

"ही नको."

हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. भोकरच्या नळावर ऐकले, शाळेच्या सहलीत ऐकले, कॉलेजात आडनाव सांगितल्यावर न बोललेले ऐकले. त्यांची मला सवय होती. पण या बाईला माझं आडनाव माहीतही नव्हतं. तिला फक्त ती बांगडी माहीत होती. इथं नकोशी होण्याचं कारण मी स्वतः कमावलं होतं आणि ते फेडण्याची सोयही माझ्याच हातात होती, पण तिनं हात दिला तर. आणि तो तिनं पुढच्या काही मिनिटांत दिला नसता तर तिला वाचवायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"आत्या, दुसरं कोण न्हाई इथं," महानंदा म्हणाली.

नागरबाईंनी आपल्या उघड्या मनगटाकडे बघितलं आणि हात खाटेवरून माझ्याकडे सरकवला. "लाव मग. ह्या हातात फोडायसारखं कायच न्हाई."

मी जमिनीवर बसले. सुया उकळायच्या पाण्यात फडकं भिजवून, पिळून त्यांच्या हाताला गुंडाळलं. हात खाटेखाली लोंबता सोडला. नळी बांधली ती आत दोन बोटं जातील अशी. आणि त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, माहेर कुठलं, नागरबाई?

त्यांनी वाळलेले ओठ जिभेनं ओले केले. मग म्हणाल्या, लांब. लांब म्हणजे कुठं, म्हटलं. किनवट, त्या म्हणाल्या, ठेसनाच्या मागं. वडील रेल्वेत गँगमन होते, नंतर बदलून इकडे आले आणि त्यांनी लेक इथंच देऊन टाकली. मला क्षणभर सुईचाही विसर पडला. आदिलाबादची छोटी गाडी आमच्या भोकरवरूनच किनवटला जायची, लहानपणी तिच्या शिट्टीवर आम्ही शाळेला निघायचो. मी म्हटलं, मी भोकरची.

नागरबाईंचे डोळे पूर्ण उघडले. "भोकरच्या ठेसनात सीताफळाच्या टोपल्या यायच्या. अजून येत्यात का?"

"येतात ना."

"गेल्या साली बी?"

गेल्या साली झाडाला एक सीताफळ धरलं नव्हतं. "गेल्या सालीही आल्या होत्या, मोठमोठी होती," मी म्हटलं. डॉक्टर म्हणून मी बोललेलं ते पहिलं खोटं, आणि त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही. नागरबाईंच्या ओठांची कड हलली, आणि माझ्या हातातला त्यांचा हात एकदम जड झाला. सुटला. अंगठ्याखाली दोऱ्याएवढं काहीतरी लागलं. मी कातडी ताणली, सुई आडवी धरली आणि आत गेले. सलाईनच्या नळीत रक्ताचा थेंब उमटला. सिस्टरनं बाटली चालू केली.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "लावलीस का न्हाई अजून?"

"लावली."

"कळलं न्हाई."

पुढे मला सुवर्णपदक नव्हे, पण दोन-चार प्रशस्तिपत्रकं मिळाली. ती कुठं ठेवलीत ते आठवत नाही. हे दोन शब्द मात्र अजून ठेवले आहेत. दुपारी सर लातूरहून आले, खिडकीच्या गजांना टांगलेल्या नऊ बाटल्या मोजल्या, नागरबाईंच्या हातावरची सुई वाकून पाहिली आणि फुटाण्यांची अख्खी पुडी माझ्या ॲप्रनच्या खिशात घातली. नऊच्या नऊ माणसं आपल्या पायांनी घरी गेली. नागरबाई घरी जायच्या दिवशी त्यांचा मुलगा हैदराबादहून हात हलवत आला. काम मिळालं नव्हतं, पत्र लिहायला येत नव्हतं, बाकी अगदी ठणठणीत. आईनं त्याला दवाखान्याच्या दारात आधी दोन रट्टे घातले आणि मग पोटाशी धरलं.

पुढच्या महिन्यात माझी मुदत संपली. नांदेडची गाडी धरायला निघाले तर फाट्यावर नागरबाई उभ्या, सोबत बांगड्यांची पाटी घेऊन रत्नाबाई. आपल्या माहेरच्या वाटेवरच्या गावची लेक मोकळ्या हातानं लावून द्यायची नसते, असं नागरबाईंचं म्हणणं. डॉक्टरला कामात बांगड्या चालत नाहीत, हे माझं म्हणणं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. मला खाली बसवलं, माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि रत्नाबाईला म्हणाल्या, भर.

गाडी दिसायला लागली होती. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी अंग आवळून बसले होते. सहा महिने मी सगळ्या मुलखाला हात सोडा, हात सोडा म्हणून सांगत फिरले, आणि माझा स्वतःचा हात लाकडासारखा ताठ. रत्नाबाईनं पहिलीच बांगडी लोटली आणि ती कट्कन तुटली. मी नागरबाईंकडे बघायचं टाळत होते.

नागरबाईंनी तुकडे उचलून पदरात घेतले. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी त्यांचा अंगठा हळूहळू फिरायला लागला.

"माझ्या सुनेची एक, तुझी एक," त्या म्हणाल्या. "फिट्टंफाट झाली. आता हात सोड, माय."

मी हात सोडला. उरलेल्या अकरा सरसर चढल्या.